दोन बोटं माया

३ मार्च

चि. टाचणीस,

मावशीचे आशीर्वाद, आणि पत्र न लिहिल्याबद्दल दंडाला एक चिमटा.

मागच्या खेपेला निघताना म्हणालीस, "मावशी, पोचल्यावर लिहिते." त्याला सात महिने झाले. अजून वाटेतच आहेस का? आईला फोन करतेस, ते ठीक, ती तुझी आई. पण दिवसभर माझ्या कटिंगच्या टेबलाखाली वाढलीस, माझे खडू खाल्लेस, आणि मला एक ओळ नाही.

इकडे सगळं बरं आहे. मशीनचा पट्टा बदलला. शाळेचे शर्ट चालू आहेत, एकशे चाळीस. कॉलरी सगळ्यांच्या सारख्या मागितल्यात. माना मात्र कुणाच्या सारख्या नाहीत, पण ते हेडमास्तरांना कोण सांगणार.

आता खरं कारण. शेजारचे घड्याळजी रोज चहाला माझ्या दुकानात येतात, ते तुला माहीतच आहे. परवा त्यांनी विचारलं, तुमची भाची नक्की करते काय? मी म्हटलं, तळघरात दोऱ्याला वजन टांगते. म्हणाले, आणि? आणि काही नाही, म्हटलं, सहा वर्षं झाली. त्यावर ते बराच वेळ बशीकडे बघत बसले. आपण उगाच घड्याळं दुरुस्त करत आयुष्य घालवलं असं त्यांना वाटलं असणार.

तेव्हा नीट लिही. गावच्या शाळेत सात यत्ता शिकलेल्या बाईला कळेल असं लिही. कळलं नाही तर चूक तुझी धरीन.

तुझी
मावशी


१९ मार्च

ती. मावशीस,

ती. म्हणजे तीर्थरूप. तिखट असं वाचू नकोस.

चिमटा पोचला. घड्याळजींना सांग, मी दोऱ्याला वजन टांगते हे अगदी बरोबर आहे. फक्त दोरा धातूचा आहे आणि केसाहून बारीक. त्याला एक आडवी दांडी टांगलेली, दांडीच्या दोन टोकांना दोन छोटे गोळे. शेजारी आम्ही मोठी जड वजनं आणून ठेवतो. जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढते, मावशी. पृथ्वी ओढते ते जाणवतं, कारण ती मोठी. पण तुझी कात्रीसुद्धा तुझ्या खडूला ओढते, फक्त इतकं थोडं की खडू हलत नाही. आमची वजनं त्या गोळ्यांना ओढतात, दांडी एवढीशी वळते आणि दोऱ्याला पीळ बसतो. तो पीळ मोजायचा. त्यावरून एक आकडा निघतो, वस्तू एकमेकींना किती जोरानं ओढतात त्याचा. सगळ्या विश्वाला मिळून एकच आकडा. तळघर एवढ्याचसाठी, की वरच्या रस्त्यावरून ट्रक गेला तरी दांडी दचकते. मी शिंकले तरी दचकते.

आता अडचण ऐक. हा आकडा लोक कधीपासून मोजतायत, आणि अजून कुणाचा कुणाशी जुळत नाही. सुरुवातीचे अंक जुळतात, शेवटचे दोन जुळत नाहीत. एका प्रयोगशाळेचे शेवटचे दोन अंक येतात चाळीस. ते म्हणतात, आमची चूक असलीच तर फार तर दोनाची. दुसऱ्या प्रयोगशाळेचे येतात पंचावन्न. तेही म्हणतात, फार तर दोनाची. दोन्हीकडची माणसं हुशार, दोन्हीकडची प्रामाणिक. कोण चुकतंय, की आपल्याला सगळ्यांनाच काहीतरी कळलेलं नाही, हे आज कुणीही सांगू शकत नाही. मी तिसरी.

आणि माणसाचं मन चोर असतं. आपला आकडा दुसऱ्याशी जुळत नाही तोवर आपण स्वतःच्या चुका शोधत राहतो. जुळला की शोधायचं थांबतो. म्हणून आम्ही आपल्याच डोळ्यांवर पट्टी बांधली आहे. इथल्या वजनवाल्या काकांनी मोठ्या वजनांचं खरं वजन आम्हाला सांगितलेलंच नाही, मुद्दाम थोडं वेगळं सांगितलं. त्यामुळे माझा आकडा ठराविक अंतरानं वाढून येतो. ते अंतर किती, ते काकांनी कागदावर लिहून पाकिटात घातलं. माझा आकडा आणि माझी "फार तर एवढी चूक", दोन्ही शाईनं लिहून झाल्यावरच पाकीट उघडायचं आणि त्यातला आकडा वजा करायचा. तोवर मला खरं उत्तर माहीत नाही, म्हणून मी ते कुणाशी जुळवूही शकत नाही.

पाकीट ठेवायचं कुणाकडे, यावर बरीच चर्चा झाली. आमचे सर म्हणाले, असा माणूस हवा की ज्याला या आकड्याचं काही म्हणता काही पडलेलं नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, माझी मावशी.

सोबत जोडलंय. उघडू नकोस. उजेडाला धरू नकोस. घड्याळजींच्या हातात देऊ नकोस.

तुझी
टाचणी


२८ मार्च

चि. टाचणीस,

पाकीट पोचलं. "काही म्हणता काही पडलेलं नाही" हे मी दोनदा वाचलं. घड्याळजींनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, हा मान आहे की अपमान? मी म्हटलं, भाचीकडून आलंय, म्हणजे दोन्ही. लक्षात ठेवीन हो.

पाकिटाचा बंदोबस्त केलाय. काय ते विचारू नकोस.

वस्तू एकमेकींना ओढतात हे कळायला तुम्हाला तळघर खणावं लागलं याचं मला हसू आलं. घड्याळजी रोज साडेचारला त्यांच्या दुकानातून माझ्या दुकानात ओढले जातात. मधे दोरा नाही, दांडी नाही. मला वाटतं चहाचा जोर असावा. दुसरं काही असेल तर तुझ्या यंत्रावर मोजून कळव.

त्यांचं म्हणणं, आकडा म्हणजे आकडा, त्यात फार तर आणि कमीत कमी कसलं. आणि स्वतःच्या भिंतीवर एकवीस घड्याळं, त्यातल्या कुठल्याही दोघांचं पटत नाही. बरोबर कुठलं विचारलं की खिशातलं काढतात. त्याला मिनिटकाटाच नाही.

मला मात्र तुझं दुखणं कळलं. एकाच बाईचं माप तीन शिंप्यांनी घेतलं तर तीन मापं येतात. एक टेप आवळतो, एक सैल धरतो, आणि बाई दर वेळी श्वास वेगळा घेते. शिंपी देखणा असला तर पोट आत. म्हणून आम्ही माप लिहितो आणि कापताना माया सोडतो. टेबलाखाली बसून हे तू हजारदा ऐकलंयस. शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड. बाहेरून दिसत नाही, पण उद्या अंग सुटलं तर शिवण उसवून अंगरखा मोठा करता येतो. तुझं ते "फार तर एवढी चूक" म्हणजे मायाच की. मग ते दोघं प्रयोगशाळावाले एवढीशीच का ठेवतात? तिकडे कापडाची टंचाई आहे का?

आणखी एक. तो धागा टांगल्यावर किती दिवस नुसता लोंबत ठेवलात? तिरप्या कापाचा झगा असला की मी तो शिवून खुंटीला टांगून ठेवते, खालची घडी मागाहून घालते. टांगलं की कापड उतरतं. किती उतरेल ते आधी सांगता येत नाही, कापडालाही नाही. घाईनं घडी घातली की आठवड्यात घेर एका बाजूला लोंबतो आणि गिऱ्हाईक दारात उभं.

तळघरात थंडी असणार. तुला कोट शिवते. मापं कळव, आणि खरी कळव.

तुझी, जिला काही पडलेलं नाही अशी
मावशी


२० एप्रिल

ती. मावशीस,

तुझ्या झग्यानं माझी झोप उडवली.

पत्र वाचून आधी हसले. मग हसू गेलं आणि जुन्या नोंदी काढल्या. आम्ही धागा तीन आठवडे नुसता टांगून ठेवला होता. सगळेच तेवढा ठेवतात. त्यानंतर तो उतरायचा थांबतो असं मानलं जातं, आणि कुणी पुन्हा बघायला जात नाही. मी गेले. मावशी, तो थांबलेला नाही. एखाद्या आठवड्यात उतरतो, एखाद्यात नाही, मग परत उतरतो. उतरताना त्याचा पीळ बदलतो, आणि मी तर पीळच मोजते.

यानं माझ्या आकड्यात किती फरक पडतो ते मला नेमकं सांगता येत नाही. एका हिशोबानं फार तर तीन. दुसऱ्या हिशोबानं नऊ. माझं मन नवाकडे जातं. सर म्हणतात, तीन लिही. सर वाईट नाहीत गं. तीन लिहिलं तर आमचा आकडा जगातला तिसरा पक्का आकडा होतो, लोक आमचं ऐकतील, तळघर अजून तीन वर्षं आमच्याकडे राहील, आणि मीही राहीन. नऊ लिहिलं तर लोक म्हणतील, सहा वर्षं खपून यांनी सांगितलं काय, तर आम्हाला माहीत नाही. मग मला इथे कोण ठेवून घेणार?

पंचवीस मेला पाकीट उघडायचं ठरलंय. बाहेरून पाहुणे येणार आहेत. पाकीट त्याआधी मागवून घेईन. आकडा मी शाईनं लिहून टाकलाय, बहात्तर. काकांच्या पाकिटामुळे तो खोटा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्यापुढे मायेची जागा मोकळी आहे. रोज पेन उचलते आणि ठेवून देते.

तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?

मापं: छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस, उंची होती तेवढीच. पाकीट नीट आहे ना?

तुझी
टाचणी


२९ एप्रिल

चि. टाचणीस,

तुझ्या जागी मी असते तर आधी पोटभर जेवले असते. अक्षर बघ कसं वाळलंय.

कंबर अठ्ठावीस वाचली. कुणाची ते लिहायचं राहिलंय. असो, तू मोजमापातली, मी कोण शंका घेणार. तपकिरी लोकरीचं कापड घेतलंय, अस्तर हिरवं. बटणं घड्याळजींनी निवडली, भिंग लावून. पाऊण तास घेतला. सगळी एकाच रंगाची होती.

आता एक कबुली. पाकीट उघडलं. दोष किटलीचा. चहाचं आधण ठेवलं होतं, पाकीट वाफेजवळ राहिलं आणि डिंक सुटला. आता सुटलेल्या पाकिटात डोकवायचं नाही एवढी काही मी संत नाही. आत सतरा लिहिलंय. एवढंसं सतरा, आणि त्याच्यासाठी केवढा थाट. ज्या बाईला काही म्हणता काही पडलेलं नाही तिच्याकडे ठेव ठेवली की असंच व्हायचं.

घड्याळजी म्हणतात, असलं काही लिहू नका. मी म्हटलं, तुम्ही चहा प्या.

तुझी
मावशी


६ मे

मावशी,

बहात्तरातून सतरा गेले की पंचावन्न राहतात. दुसऱ्या प्रयोगशाळेचा आकडा, अगदी जसाच्या तसा.

वाचल्यावर पहिल्यांदा मला आनंद झाला. हे लिहायची लाज वाटते. वाटलं, जुळलं की, आता तीन लिहायला काय हरकत आहे. धागा डोक्यातून निघूनच गेला. मग लक्षात आलं की नेमकं हेच होऊ नये म्हणून पाकीट तुझ्याकडे दिलं होतं.

तू चेष्टा केली असशील, असंही वाटतं. तुला मी ओळखते. पण ओळखणं म्हणजे खात्री नव्हे. सतरा खरं असेल तर सगळंच संपलं. खोटं असेल तरी ते आता माझ्या डोक्यात शिरलंय. आता तीन लिहिलं तर ते सतरासाठी, आणि नऊ लिहिलं तर सतराच्या धाकानं. धाग्याचं म्हणणं काय, ते मला आता ऐकूच येत नाही.

सरांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर सहा वर्षं पाण्यात. नाही सांगितलं तर मी चोर.

मी तुला विचारलं होतं, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस. त्याचं उत्तरही तू दिलं नाहीस.

टाचणी


११ मे

माझ्या बाळा,

पत्र दुकानात उभ्याउभ्या वाचलं. मग दार लोटून घेतलं आणि परत वाचलं. घड्याळजी समोर होते. त्यांनी "मी सांगत होतो" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

पाकीट उघडलेलं नाही. ज्या दिवशी आलं त्याच दिवशी मशीनवर घालून चारी बाजूंनी टीप मारली, लाल दोऱ्यानं, बारीक टाक्यानं. हाच तो बंदोबस्त. आता तुझ्याकडे पाठवते आहे, कोटाच्या आतल्या खिशात आहे. हाताला लागलं की आधी भिंगाखाली धर. कापड उसवून परत शिवलं तर भोकं बुजतात, कापड सोशिक असतं. कागद विसरत नाही. एकदा सुई गेली की भोक ते भोक. मी उसवून पुन्हा शिवलं असतं तर भोकांची दुसरी रांग दिसली असती. एकच रांग आहे. मोज.

सतरा मी जिभेवरून उचललं. माणसाच्या मागे सतरा भानगडी असतात, सोळा असल्याचं कधी ऐकलंयस? आत खरंच काय लिहिलंय ते मला माहीत नाही. सरांना सगळं सांग. माझी पत्रं दाखव, हेही दाखव. फार तर मावशी वात्रट आहे एवढं त्यांना कळेल. इथे ते सगळ्यांना माहीत आहे.

चेष्टा माझी चुकली. तू खाली टेबलाखाली असताना मी वरून कात्री वाजवून तुला घाबरवायची आणि तू हसायचीस. तू मोठी झालीस हे माझ्या ध्यानात राहत नाही.

आता तू विचारलेलं. उत्तर होतं माझ्याकडे. पण ते द्यायचं तर तुझ्या काकांचं, म्हणजे आमच्या ह्यांचं, सांगावं लागतं, म्हणून किटलीच्या आड लपले.

तुला एवढंच माहीत आहे की काका गेले तेव्हा ते दवाखान्यात होते आणि मी मशीनवर. लोक बोलले. तू कधी विचारलं नाहीस, ते मी जपून ठेवलंय. झालं ते असं. शनिवारी डॉक्टर म्हणाला, "सोमवारी नक्की घरी." मी विचारलं, नक्की ना? म्हणाला, नक्की. चांगला माणूस होता, मला धीर यावा म्हणून बोलला. मी घरी आले. म्हटलं, महिन्यानं घरी येतोय माणूस, नव्या शर्टात येऊ दे. रविवारी दुपारी शेवटचं काज करत होते, तेव्हा निरोप आला.

तो चुकला याचा मला राग नाही. काकांना झालं होतं काय, ते मोठ्या डॉक्टरांनाही उमगलं नव्हतं. मागाहून तसं म्हणालेसुद्धा. मग आधी म्हणायला काय झालं होतं? "सांगता येत नाही" एवढं जरी म्हणाला असता, तरी शर्ट गेला असता उडत आणि मी तिथे त्यांच्या उशाशी बसले असते. त्यानं दोन बोटं माया ठेवली असती तर मला एक दिवस मिळाला असता.

तेव्हा सतरा विसर, सरांना विसर, मलाही घटकाभर विसर. धाग्याला विचार. तो मागेल तेवढी ठेव. तुझ्या आकड्यावर विसंबून कुणीतरी घरी जाणार आहे.

तुझी
मावशी


३० मे

ती. मावशीस,

साष्टांग, आणि एक चिमटा परत.

तुझं पत्र घेऊन मी सरळ सरांच्या खोलीत गेले. सगळी पत्रं टेबलावर ठेवली. सोळा भानगडींपाशी ते मोठ्यानं हसले. पुढचं पान वाचताना चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, पाकीट भिंगाखाली घेऊया. भोकं दोनशे बारा, रांग एकच. वजनवाले काका म्हणाले, आम्ही लाखेचं सील करतो ते बंद करून या बाईंना नेमा.

राहिलं माझ्या डोक्यातलं सतरा. ते काही केल्या जाईना. शेवटी मी मायेचा निर्णय स्वतःच्या हातून काढून घेतला. वरच्या मजल्यावर काचेचं काम करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना आमचा आकडा माहीत नाही, सतरा माहीत नाही, चाळीस आणि पंचावन्नही माहीत नाहीत. त्यांना फक्त धाग्याच्या नोंदी दिल्या. म्हटलं, या धाग्यावर किती भरवसा ठेवाल? दोन दिवसांनी खाली आल्या आणि म्हणाल्या, नऊ. त्याच्या आत मी सही करणार नाही.

मी शाईनं नऊ लिहिलं. सरांनी खाली सही केली. जरा वेळ लागला, पण केली.

पंचवीस तारखेला सगळ्यांसमोर लाल टीप उसवली. तू शिकवलीस तशी, एक टाका सोडून एक. आत लिहिलं होतं तेवीस. बहात्तरातून तेवीस गेले, एकोणपन्नास. नऊ खाली मोजले तर चाळीस, नऊ वर मोजले तर अठ्ठावन्न. मावशी, दोन्ही प्रयोगशाळा माझ्या मायेत बसल्या. एका पाहुण्यानं विचारलं, म्हणजे बरोबर कोण? मी म्हटलं, सांगता येत नाही. का सांगता येत नाही ते मात्र सांगते. आणि धाग्याच्या नोंदींचा कागद भिंतीवर लावला. दोघं-तिघं उठून गेले. बाकीचे जवळ येऊन बघायला लागले.

काल चाळीसवाल्यांचं पत्र आलं. त्यांनीही धागा तीनच आठवडे टांगला होता. जुन्या नोंदी उसवायला घेतल्यात म्हणे. तळघर आम्हाला तीन वर्षं नाही, एकच वर्ष मिळालं. त्यात धागा किती उतरतो एवढंच मोजायचं. म्हणजे पुढचं वर्षभर मी लोंबत्या धाग्याकडे बघत बसणार. त्याच्या पुढचं माहीत नाही. गंमत म्हणजे मला त्याची भीती वाटत नाहीये.

आता कोट. बटणं लागेनात. अठ्ठावीस ही माझी सहा वर्षांपूर्वीची कंबर होती. जगातली सगळ्यात बारीक ओढ मोजणारी बाई स्वतःचं माप आठवणीतून कळवते. मग उसवलं. दोन्ही बाजूंना आत दोन दोन बोटं होती. तुला माहीत होतं. मी तळघरात जमिनीवर बसून हातशिलाई घातली, आणि आज कोट घालूनच हे लिहितेय. थंडी वाजत नाही.

काकांचं मला माहीत नव्हतं. तो शर्ट अजून आहे का गं?

तुझी
टाचणी


९ जून

चि. टाचणीस,

अनेक आशीर्वाद. दंड दुखतोय, म्हणजे चिमटा पोचला.

हातशिलाई घातलीस हे वाचूनच मला कापरं भरलं. येशील तेव्हा कोट आण, मी धड करून देते. आणि कंबर मी चौतीस धरूनच माया सोडली होती. तुझ्या आईचं काय झालं ते मी बघितलंय.

तुला आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सांगते. पाकीट आलं त्या दिवशी, टीप मारायच्या आधी, खिडकीशी उजेडाला धरलं होतं. आत काळा कागद होता, काही दिसलं नाही. निदान चष्म्याशिवाय नाही. चष्मा तेव्हा डोळ्यांवर होता का, ते आठवत नाही. याला किती माया ठेवायची ते तू ठरव.

तेवीस ऐकून घड्याळजी खूश झाले. म्हणाले, बघा, शेवटी आकडा नेमका निघालाच की. मी म्हटलं, नेमका तो पाकिटातला. विश्वाचा अजून लोंबतोय. त्यावर विचार करत गेले, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळांखाली पाटी लावून आले, "अंदाजे". तीन गिऱ्हाइकं भांडून गेली.

शर्ट आहे. ट्रंकेत तळाशी होता. शेवटचं काज चिरलेलं तसंच. तुझं पत्र आलं त्या दुपारी काढला आणि काज पुरं केलं. अकरा वर्षांत एक काज. गिऱ्हाइकानं शर्ट तोंडावर फेकला असता. इस्त्री केली. मग तो परत ट्रंकेत ठेववेना. साडेचार वाजले होते. घड्याळजी स्टुलावर बसले होते, पाठ माझ्याकडे करून. मी शर्ट त्यांच्या खांद्याला लावून बघितला. माप घेतात तसा, दुसरं काही नाही. खांद्यात घट्ट होतो.

ते हलले नाहीत. पाठमोरेच विचारलं, "आत माया आहे का?"

आहे, म्हटलं. दोन बोटं.

"सोडणार?"

मी म्हटलं, "सांगता येत नाही."

"बरं," म्हणाले. "मी थांबतो."

तुझी
मावशी